अक्कांच्या घरात घालायच्या चपला

अक्कांच्या मुलाचा, बाळासाहेबाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. "काकू, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन त्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात दिला. बीडहून वडवणीला पोचेपर्यंत अक्कांचा चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येईना. पायच येत होते. पोचले तेव्हा बायकांनी त्यांना न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता, आणि शेजारची एक म्हातारी दोरा घेऊन पायाशी बसली होती. माणूस गेलं की त्याच्या पायांचे अंगठे एकमेकांना बांधतात, तशी आपल्याकडं रीत आहे. तिनं डाव्या अंगठ्याला वेढा दिला, उजव्या पायाकडं हात नेला आणि तिथंच थांबली. उजव्या पायाला अंगठा नव्हता. तो गेल्याच्या गेल्या वर्षी दवाखान्यात काढून टाकला होता, हे त्या म्हातारीच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा अक्कांच्या सुनेकडं, सविताकडं पाहिलं. मग दोरा घोट्याभोवती घेऊन गाठ मारली. त्या गाठीकडं बघताना माझ्या मनात आलं, की हे आम्हाला कुणाला दिसत नव्हतं असं नाही. पाच-सहा वर्षं आम्ही सगळे हेच येताना बघत होतो...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जावा म्हटलं की लोक भांडणाच्या गोष्टी ऐकायला सरसावून बसतात, त्यांची निराशा करायला मला आवडत नाही. भांडणं झाली, भरपूर झाली. पण मी लग्न होऊन वडवणीत आले, लगेच तिथल्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा, पुढं बीडला बदली होईपर्यंत, सकाळी माझा डबा भरून देणाऱ्या अक्काच होत्या. दादा, म्हणजे माझे थोरले दीर, राजकारणातले. तालुक्यातल्या बहुतेक खुर्च्यांवर बसून झालेले आणि काहींवरून पडूनही झालेले. त्यामुळं घरात माणसांचा राबता. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी मुकादम यायचे, निवडणूक आली की सगळा तालुकाच यायचा. किती जणांचा स्वयंपाक करायचा हे अक्कांना कुणी सांगत नसे. त्या खिडकीतून ओसरीपुढं सुटलेल्या चपलांकडं एक नजर टाकायच्या आणि परातीत पीठ घ्यायच्या. कुणाच्या टाचा झिजल्यात, कुणाचा जोडा नवाकोरा आहे, कुणी उलट्यासुलट्या फेकून घाईनं आत आलाय, यावरून जेवून जाणारा कोण आणि नुसत्या चहावर उठणारा कोण, हेही त्यांना कळायचं. मी पुष्कळदा परीक्षा घेऊन पाहिली, नापास झाल्या नाहीत.

त्या चपला मात्र ओसरीपुढंच राहायच्या. घरात कुठंही एक वेळ चाललं असतं, स्वयंपाकघरात नाही. एकदा दुपारी शाळेतून मी भुकेनं कावलेली आले, आणि पायातल्या सॅंडलसकट उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. अक्कांच्या हातावर भाकरी होती. त्या रागावल्या नाहीत. हातावरची भाकरी परातीत ठेवली, तांब्या घेतला, माझं पाऊल पडलं होतं तेवढी फरशी धुऊन पुसली, आणि मग पुन्हा पीठ मळायला बसल्या. "अन्नापशी पायतान न्हाई आनायचं, शैला," त्या म्हणाल्या, "बाकी घरात तू काय बी कर." मला तेव्हा असा संताप आला होता की काय सांगू. चाळीस पोरांना शिस्त लावणारी मी, आणि मला फडक्यानं शिस्त लावली. पण त्यानंतर आजतागायत मी त्या उंबऱ्याच्या आत पायात काही घालून गेले नाही. आमच्या सासूबाई लवकर गेल्या. त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या कुणाला दिल्या कुणास ठाऊक, पण चुलीपाशी चप्पल न आणायची गोष्ट त्यांनी अक्कांना दिली होती, आणि अक्कांना ती किल्ल्यांपेक्षा मोठी वाटायची.

साखरेचा आजार त्यांना कधी लागला ते नक्की कुणालाच सांगता येणार नाही. कळला तेव्हा तो जुना झाला होता. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर गेली, आणि आम्हाला वाटलं झालं. पायांना मुंग्या येतात म्हणायच्या, मग मुंग्या यायच्या थांबल्या तेव्हा बरं वाटलं म्हणाल्या. तेच बरं नव्हतं, पण हे आम्हाला कुठं ठाऊक... बाळासाहेबाच्या मेव्हण्याच्या लग्नाला निघायच्या दिवशी त्यांच्या कानातल्या कुडीची फिरकी हरवली. सोन्याची फिरकी, तीही त्यांच्या आईनं दिलेल्या कुडीची. सगळं घर पालथं घातलं. गाद्या झटकल्या, केरसुणीनं कोपरे काढले, मोरीच्या जाळीत हात घालून झाला. अक्का स्वतः या खोलीतून त्या खोलीत शोधत हिंडत होत्या, लग्नाला गेलो तिथंही दिवसभर वावरल्या, पाहुण्यांची उठबस केली. परत आल्यावर त्यांनी पायातली चप्पल काढली आणि सविता ओरडलीच. फिरकी त्यांच्या तळव्यात होती. चपलेत पडली होती, आणि दिवसभराच्या चालण्यानं मांसात रुतून बसली होती. रक्त वाळून काळं झालं होतं. अक्का पाय वर घेऊन बघत होत्या, आणि मला त्यांचा तो चेहरा विसरता येत नाही. त्यांना दुखत नव्हतं. त्यांना आनंद झाला होता. "बघ, सापडली का न्हाई," त्या म्हणाल्या.

ती जखम भरली, पण भरायला सबंध पावसाळा गेला. त्या निमित्तानं मी त्यांना बीडला माझ्याकडं आणून पायांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तळव्यांचे ठसे घेतले, मापं घेतली आणि चपला लिहून दिल्या. औषधासारख्या चिठ्ठीवर चपला लिहून देतात, याचं अक्कांना फार हसू आलं. "जेवनाआधी घालायच्या का जेवनानंतर?" असं त्यांनी विचारलंसुद्धा. डॉक्टर तरुण होते पण हसले नाहीत. म्हणाले, उठल्यापासून झोपेपर्यंत घालायच्या. घरात, दारात, न्हाणीपर्यंत, सगळीकडं. तुमच्या पायाला आता काटा कळत नाही आणि विस्तव कळत नाही, म्हणून पायाच्या आणि जमिनीच्या मध्ये ही चप्पल सतत पाहिजे. बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त माणसांचे पाय जातात, असंही ते म्हणाले. अक्का मान डोलवत होत्या.

चपला आल्या. काळ्या, जाड, आतून मऊ रबराच्या, बोटांवर रुंद, मागं टाचेला पट्टा आणि तो चिकटवून बंद करायचा. अंगठ्यात अडकवायचं काही नाही, कारण तिथंच घासतं. दिसायला म्हणाल तर त्या दिसायला काहीच नव्हत्या. दोन जोड घेतले, एक बाहेरचा, एक घरातला. आणि अक्कांनी त्यांची जी निगा राखली ती मी कुणाला राखताना पाहिली नाही. घालायच्या आधी चप्पल उलटी करून झटकायची, आत हात फिरवून खडा, काटा, शिवण उसवलेली नाही ना बघायचं. ओल्या फडक्यानं पुसायची, सावलीत वाळवायची, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायची नाही, रबर कडक होतं. संध्याकाळी पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी आधी कोपरानं बघायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आणि तळव्याखाली आरसा धरून बघायचं. दादा चिडवायचे, "आमच्या पुढाऱ्याच्या गाडीची बी एवढी बडदास्त न्हाई." सगळं कसं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. फक्त एक गोष्ट सोडून. घरातला जोड स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि बाहेर थांबायचा. अक्का आत जायच्या. आणि अक्कांचा दिवस कुठं जायचा? पहाटेच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत आतच. मी जेव्हा जेव्हा वडवणीला जाई, तेव्हा तो स्वच्छ पुसलेला काळा जोड उंबऱ्याबाहेर नीट लावून ठेवलेला दिसे. आत कुणीतरी बसलंय आणि ते लवकर बाहेर येणार नाही, असं त्या चपला सांगत.

सविता माझ्यापेक्षा जास्त भांडली. शिकलेली मुलगी, स्पष्ट बोलणारी. ती उंबऱ्याबाहेरचा तो जोड उचलून आणून सासूच्या पायाशी ठेवी, अक्का तो उचलून पुन्हा बाहेर नेऊन ठेवीत, आणि नेऊन ठेवताना अनवाणीच असत. दिवसातून कितीदा तरी हा प्रकार चाले. मग सविता रडे, बाळासाहेब चिडे, दादा म्हणत जित्याची खोड... आणि पुढं बोलत नसत.

वर्षभरानं डॉक्टरांना दाखवायला गेलो तेव्हा दोन्ही जोड घेऊन या म्हणाले होते. अक्कांनी ते धुतलेल्या कापडात बांधून आणले. डॉक्टरांनी घरातला जोड हातात घेतला आणि तिथं बसलेल्या बाकीच्या पेशंटना उंच धरून दाखवला, की बघा, चपला कशा ठेवायच्या ते या आजींकडून शिका. अक्का पदर सावरून अशा बसल्या, जणू त्यांचा पहिला नंबर आला. मग डॉक्टरांनी चप्पल खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, आतून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. बाहेरचा जोड घेतला, त्याच्यातही बोट फिरवलं. त्या जोडात टाच, चवडा, बोटं, सगळा पाय उमटला होता, तसा तो मऊ रबरात उमटतोच. घरातल्या जोडात काहीच नव्हतं. दुकानातून आणला तसा होता तो.

"आजी, ही कोण घालतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच की."

"हिच्यात पाय नाही तुमचा," ते म्हणाले. ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, म्हणून जास्त लागलं. अक्कांनी खाली पाहिलं. एसटीत परत जाताना त्यांनी ते बोचकं वडवणीपर्यंत मांडीवर धरून ठेवलं.

तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि काही दिवस मी स्वतःवर खूष होते. तिसरा जोड करून घेतला. तो खोक्यातून बाहेर न काढता वडवणीला नेला, देवघरासमोर ताम्हणात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि नव्या सुनेला घरात घेतात तसा ताम्हणासकट स्वयंपाकघरात नेला. म्हटलं, अक्का, या चपलेनं अजून जमीन पाहिली नाही. रस्ता नाही, ओसरी नाही, मोरी नाही. ही इथंच जन्मली आणि इथंच राहणार. चामडं नाही, रबर आहे, तुमच्या मिक्सरच्या झाकणातही रबर आहे. अक्का आधी माझ्याकडं बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "मास्तरीन हायस खरी," म्हणाल्या, आणि बसल्या जागी पाय पुढं केले. मी त्यांच्या पायात त्या चपला घातल्या, पट्टे चिकटवले. पुढचे काही महिने अक्का त्या चपला घालून स्वयंपाकघरात वावरल्या. सविता रोज फोन करून सांगायची. आता हे संकट टळलं, असं मी बिनधास्त धरून चालले. आजही ते महिने आठवले की मला बरं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आमच्या घरात तीन दिवस माणसांना पाय ठेवायला जागा नसते, सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढतात, लक्ष्मी चालत आली म्हणून. मी सकाळी पोचले तर ती पावलं ओसरीवरून स्वयंपाकघरात गेलेली, आणि तिसरा जोड परसदारी भिंतीला टेकून उभा. मी अक्कांकडं पाहिलं. "तीन दिस," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी अनवानी आली माझ्या घरी, अन् मी तिच्याम्होरं चपला घालून उभी राहू? तीन दिस झाले की घालते." घर पाहुण्यांनी भरलेलं, दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य, त्यात वाद कुठं घालायचा. सविता आणि मी भाज्या चिरायला बसलो.

नैवेद्याचं पुरण परसातल्या मोठ्या चुलीवर शिजतं, गॅसवर चालत नाही. अक्का मोठ्या पातेल्याशी उभ्या राहून पुरण घोटत होत्या, मी बाजूला बसून वाटण काढत होते. मला कसलातरी वास आला. करपल्याचा, पण अन्नाचा नव्हे. अक्कांनाही आला. "सविता, तुझ्याकडचं बघ गं," त्यांनी आत हाक मारली, "कायतरी जळतंय." सवितानं आतून सांगितलं, इथं काही नाही. अक्का घोटतच होत्या. वास वाढला. मी लाकडं पाहिली, पातेल्याचा तळ पाहिला, त्यांच्या पदराचं टोक पाहिलं. मग खाली पाहिलं. चुलीतून एक निखारा बाहेर घरंगळला होता, आणि अक्कांचा उजवा पाय त्याच्यावर होता. त्या त्याच्यावर भार देऊन उभ्या होत्या.

मी त्यांना दंडाला धरून ओढलं. पळी पुरणात पडली, म्हणून त्या माझ्यावर चिडल्या. काय झालं ते त्यांना दाखवावं लागलं. त्यांनी बघितलं, पदरानं झाकलं, आणि म्हणाल्या, आता कुणाला सांगू नको, आधी नैवेद्य होऊ दे. मी ऐकलं नाही, गाडी काढायला लावली. पण गाडीत बसताना त्यांनी वळून कुंकवाच्या पावलांकडं हात जोडले. मला त्या क्षणी त्या पावलांची भीती वाटली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अंगठा वाचला नाही. दिवाळीच्या आत काढावा लागला. त्यानंतर नव्या चपला आल्या, उजव्या चपलेत अंगठ्याच्या जागी मऊ रबराचा तुकडा बसवलेला, म्हणजे पाय पुढं सरकू नये. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अंगठा गेला की त्याचा भार शेजारच्या हाडावर येतो, पुढची जखम तिथं होईल, जपा. होऊ शकते असं ते म्हणाले नाहीत, होईल म्हणाले. अक्कांना आता उभं राहून स्वयंपाक करू द्यायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं. त्यांची खुर्ची बैठकीत ठेवली. पण दादांकडं माणसं येतच होती, आणि ओसरीपुढं चपला सुटल्या की अक्का खुर्चीतून उठायच्या. भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत जायच्या. वाकायच्या, पट्टे सोडायच्या, आत जायच्या. आधीपेक्षाही आता कडक झाल्या होत्या. अंगठा गेला तो महालक्ष्म्यांसमोर चपला घातल्या नाहीत म्हणून नव्हे, तर त्याआधी काही महिने घातल्या होत्या म्हणून, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दादांजवळ बोलल्या, आणि दादांनी मला सांगितलं तेव्हा मी हात टेकले. माझ्या त्या ताम्हणातल्या जोडाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून त्या सविताला तळव्याखाली आरसा धरू देईनात. मीच बघते म्हणायच्या. एके दिवशी सकाळी सविता झाडायला उठली तर फरशीवर मुंग्यांची ओळ. ओळ स्वयंपाकघरातून येत असेल, काही गोड सांडलं असेल म्हणून ती ओळीमागं गेली, तर ओळ उलट्या दिशेनं निघालेली. अक्कांच्या अंथरुणात चालली होती. पांघरूण बाजूला केलं तेव्हा अक्का झोपेतच होत्या, आणि मुंग्या पायाच्या पट्टीत शिरत होत्या. पट्टी त्यांनी स्वतःच कधीतरी बांधली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथंच, त्याच हाडाखाली, जखम होती आणि ती खोल गेली होती. सविता मला हे सांगताना थांबत थांबत सांगत होती...

तिथून संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात. मी भेटायला गेले तर अक्का पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या आणि पट्टी नसलेल्या पायात चप्पल होती. परिचारिका कौतुकानं सांगत होती, आजी चप्पल घातल्याशिवाय पाय खाली ठेवतच नाहीत. मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाल्या, "हितं कुठं चूल हाय." त्या हसल्या, मला हसता आलं नाही. गुडघ्याखालून पाय काढावा लागणार होता. दादा तयार होते, बाळासाहेब तयार होता, अक्का हो-नाही करत होत्या. मला त्यांनी जवळ बसवून घेतलं. खूप दिवसांनी त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, अक्का, घरी आल्यावर तरी आता आत चपला घालाल ना, माझ्यासाठी.

"माझ्या मागं तुमाला काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या. "तू बी घाल, सविता बी घालू दे. म्या हाय तवर न्हाई."

पाय काढायचा दिवस ठरला तोवर विष रक्तात गेलं होतं. त्या घरी आल्या त्या गाडीतून, आडव्या.

तेराव्याला गुरुजींना जोडा, छत्री आणि काठी देतात. गेलेल्या माणसाला पुढची वाट चालायची असते, त्या वाटेवर तापलेली वाळू आणि काटे असतात, म्हणून. बाळासाहेबानं बाजारातून चामड्याचा नवा जोडा आणला होता, चांगला, भारीतला. पाटावर ठेवलेला तो जोडा मी उचलला. का उचलला ते मला माहीत नाही, अक्कांबरोबर राहून सवय लागली होती. उलटा करून झटकला आणि आत हात फिरवला. टाचेशी एका चुकेचं, बारक्या खिळ्याचं, टोक बोटाला लागलं. मी बाळासाहेबाला म्हटलं, हा घालून अक्का दोन पावलंसुद्धा चालायच्या नाहीत रे, त्यांना तसल्या चपला पाहिजेत. तो म्हणाला, काकू, तो जोडा गुरुजींना द्यायचाय. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. तेव्हा मला रडू फुटलं. तोवर मी रडले नव्हते.

साखर मलाही आहे, काही वर्षं झाली. मी काळजी घेते, चालायला जाते, पथ्य पाळते. अक्का गेल्यावर मनात शंका बसली म्हणून त्याच डॉक्टरांकडं गेले. तळव्यांना कळायचं कमी झालंय म्हणाले, आणि मलाही चपला लिहून दिल्या. आल्या त्याच दिवसापासून मी घालायला लागले. घरात, गॅलरीत, ओट्यापाशी, सगळीकडं. माझ्या स्वयंपाकघरात मला अडवणारं कुणी नाही.

परवा पौषातल्या एका सकाळी दादांना बघायला वडवणीला गेले. दादा थकलेत, बोलत नाहीत फारसे. ओसरीपुढं बाहेरचा जोड काढला, पिशवीतला घरातला घातला आणि सविताला हाक मारत आत निघाले. ती भाकरी थापत होती. मी उंबऱ्याशी आले तसं तिचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं.

"काकू, तेवढं बाहेर काढा," ती म्हणाली.

मला वाटलं तिनं ओळखलं नाही. म्हटलं, अगं, या त्याच आहेत, डॉक्टरांनी दिलेल्या, आजच पहिल्यांदा या घरात आल्यात. यांच्यासाठी तर तू सासूशी इतकी भांडलीस. ती म्हणाली, ओळखल्या. मग मी तिला दवाखान्यातलं अक्कांचं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द सांगितलं, की त्यांनी स्वतः परवानगी दिली होती, तुझं नावसुद्धा घेतलं होतं. ती ऐकत होती. भाकरी तिच्या हातावर थांबली होती.

"तुमाला म्हनल्या असतील," ती म्हणाली. "मला न्हाई म्हनल्या."

"सविता..."

"अंगठा गेला त्यांचा, जीव गेला, पन आत न्हाई आनल्या. आता मी कशी आनू देऊ, काकू?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पिठाचे म्हणून तिला ते पुसता येत नव्हतं. मला अक्कांचा राग आला. त्या गेल्यापासून पहिल्यांदा, खरा राग आला. हे असं करून ठेवायचं आणि निघून जायचं... शाळेत मी एकाहून एक हट्टी पोरं वळवली आहेत, माझ्याजवळ शंभर उत्तरं होती, सगळी बरोबर होती. पण समोर पोर रडत होती, आणि तिच्या मागं ती चूल, तो पाट, ती खिडकी होती. मी खाली वाकले, पट्टे सोडले, चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि आत गेले. तिचे डोळे माझ्या पदरानं पुसले. ती पुन्हा थापायला लागली. तिच्याजवळ बसावं म्हणून पाट ओढायला मी फरशीवर हात टेकला आणि झटकन मागं घेतला, इतकी ती गार होती. पायांना काही कळलंच नव्हतं.